रतन डायवरचा किल्ट

चंदर तांडेलाच्या बोटीवर लुंगी चालत नाही. नियम कुठे लिहिलेला नाही, पण थळच्या कोळीवाड्यात तो सगळ्यांना पाठ आहे, आणि कुणामुळे झाला तेही. अठरा वर्षांपूर्वी चंदरचा धाकटा भाऊ मोरू चालत्या इंजिनाजवळ वाकला, लुंगीचं टोक फिरत्या शाफ्टला लागलं आणि शाफ्टने त्याला रिळावर दोरा ओढावा तसा ओढून घेतला. मोरू वाचला, पण उजवा पाय मांडीपासून गेला. आता तो जेट्टीवरच्या शेडमध्ये बसून अर्ध्या गावाची जाळी सांधतो आणि उरलेल्या अर्ध्या गावाची टिंगल करतो. चंदर मात्र त्या दिवसापासून लुंगीवाल्याला बोटीत चढायच्या फळीवरूनच परत पाठवतो. मग तो पाहुणा असो की मासळीचा व्यापारी.

रतन त्या बोटीचा डायवर. सुकाणू तांडेलाच्या हातात आणि इंजिन डायवरच्या, अशी बोटीवरची वाटणी असते. चौदा वर्षं त्याने चंदरचं इंजिन सांभाळलं. डिझेलमध्ये पाणी उतरलंय, पट्टा सैल झालाय, तिसऱ्या सिलिंडरला खोकला लागलाय, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. दुसऱ्या बोटींचे डायवर फोन लावून मोबाइल इंजिनापाशी धरायचे आणि हा घरात जेवता जेवता निदान करायचा. बायको विनिता म्हणायची, माझं डोकं दुखतं ते तोंडाने सांगावं लागतं, इंजिनाचं मात्र ह्यांना न सांगता कळतं.

असा हा माणूस फेब्रुवारीत एका सकाळी गरम रेडिएटरचं झाकण उघडून बसला. चूक अगदी नवशिक्याची. एवढी कसली घाई होती, हे त्याला आजही सांगता येत नाही. उकिडवा बसला होता, त्यामुळे उकळतं पाणी थेट दोन्ही मांड्यांवर आलं. अलिबागला सव्वीस दिवस खाटेवर काढले, पाठीची कातडी काढून मांड्यांना लावली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं: वर्षभर घट्ट कपडा नको, घासणारी शिवण नको, घाम साचायला नको, ऊन लागायला नको. रतनने सगळ्याला मान डोलावली आणि शेवटी एकच विचारलं, बोटीवर कधी जाऊ? बाई म्हणाल्या, अंगात ताकद आली की जा, पण पँट घालून गेलात तर परत माझ्याकडेच याल.

मे महिन्यात त्याने हट्टाने पँट चढवलीच. घर ते जेट्टी आणि जेट्टी ते घर, एवढं चालून आला तर मांडीच्या आतल्या अंगाला दोन फोड. मग बर्मुडा आणली, दोन नंबर मोठी. उभं असताना ती गुणी होती, उकिडवं बसलं की तिची मधली शिवण करवतीसारखी चाले. लुंगी मात्र सोसली. लुंगीत वारा खेळायचा, जखमेला काही टोचायचं नाही. पण लुंगी नेसून तो फक्त स्वतःच्या ओटीवर बसू शकत होता.

जुलैच्या मध्यावर चंदर घरी आला. बोटी अजून वर ओढलेल्या होत्या, डागडुजी चालू होती. चहा होईपर्यंत तो पाण्यापावसाचं बोलला आणि कप खाली ठेवताना मूळ गोष्टीवर आला. दिघीचा कुलदीप म्हणून एक डायवर मोकळा आहे, त्याच्याशी बोलणं झालंय. रतनने यंदा बर्फाच्या शेडवर बसावं, बर्फ मोजून घ्यावा, पगार थोडा कमी, पण अंगाला त्रास नाही.

"ठरलं का त्याचं?" रतनने विचारलं.

"नारळी पुनवेपर्यंत थांबतो. तू पँट घालून ये, जागा तुझी हाय."

"आणि पँट न्हाय जमली तर?"

चंदरने त्याच्या लुंगीकडे पाहिलं. "ती घालून तू खाली उतरलास, तर मी वर उभा कसा राहू रे? एकदा ऐकलाय तो आवाज."

चंदर वाईट माणूस असता तर भांडता आलं असतं.

त्या दिवसापासून रतनने एकच ध्यास घेतला. लुंगीसारखं मोकळं आणि पँटीसारखं आटोपशीर, असं काहीतरी जगात कुठेतरी असणारच. बारावीतल्या ऋतिकाने, त्याच्या मुलीने, ते मोबाइलवर शोधून काढलं. फोटोत परदेशातला एक दाढीवाला सुतार शिडीवर उभा होता. कमरेला जाड कापड गुंडाळलेलं, गुडघ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना मोठाले खिसे, एका खिशाला हातोडी अडकवलेली. दुसऱ्या फोटोत तसलंच नेसून दोघं जण डोंगर चढत होते.

"याला किल्ट म्हणतात, पप्पा. वर्क किल्ट. कामाला घालायचा."

"बायांचा परकर हाय तो," विनिता आतून म्हणाली.

"आई, त्याच्या पायाचे केस बघ आणि मग बोल."

रतनने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. पुढे सपाट पदर, एकावर एक आलेला. चुण्या फक्त मागे, म्हणजे पाय टाकायला जागा. आत मधली शिवणच नाही. त्याने किंमत विचारली, ऐकली आणि मोबाइल परत दिला. मग लुंगी सारखी करून तो बाजारात सदू शिंप्याकडे गेला.

सदू शिंप्याने आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले. चुण्या म्हटल्या की त्याच्या डोळ्यांसमोर पाचवी ते सातवीच्या मुली येतात. रतनने कितीही समजावलं तरी पहिला किल्ट त्याने गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचा शिवला. चुण्या सगळीकडून सारख्या आणि कमरेला नाडी. विनिताने तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि भिंतीकडे तोंड करून हसली. रतन हसला नाही. तो घालून पाटावर उकिडवा बसला, उठला, शिडी चढला, उतरला आणि काय चुकतंय ते सदूला जाऊन एकेक सांगून आला. सदू वैतागला. पुरुषमाणसाला एवढी कसली नजाकत लागते, म्हणाला. रतनने दुकानातच कापड बाजूला करून मांडी दाखवली. सदूने चष्मा वर केला, पाहिलं, टेप उचलली आणि त्यानंतर वाद घातला नाही.

पुढचे आठ दिवस कापडातच गेले. कॅनव्हास मजबूत म्हणून घेतला तर भिजल्यावर दिवसभर वाळेना आणि खारं पाणी सुकलं की पत्र्यासारखा ताठ होई. छत्रीचं कापड झटकन वाळलं, पण जेट्टीवर पाय टाकताक्षणी वाऱ्याने असं फुगलं की मोरूने शेडमधून ओरडून विचारलं, रतनशेट, शीड लावून चाललास कुठे, मुंबईला? शेवटी पसंत पडलं ते वॉचमनच्या गणवेशाचं खाकी ड्रिल: घट्ट विणीचं, धुवून धुवून मऊ होणारं. लांबी गुडघ्याच्या मध्यावर. त्याहून खाली गेलं की शिडीच्या पायरीत अडकतं, त्याहून वर गेलं की जखमेला ऊन लागतं. आत घालायला विनिताने जुन्या लुगड्याची सैल चड्डी शिवली, सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला घेऊन. हसणं तिचं पहिल्या दिवशीच संपलं होतं.

बसायचं कसं, हे शिकवलं गोदूबाईने. जेट्टीच्या कडेला बोंबील वाळवण्यात तिची पन्नास वर्षं गेली आहेत. लुगडं नेसून उकिडवं बसणं, वाकणं, टोपली उचलणं, यात तिचा हात कोण धरणार? तिने रतनला सगळ्यांच्या देखत बसवलं, उठवलं, परत बसवलं. "बसतानी म्होरचा पदर हाताने असा गुडघ्यांच्या मधे दाब. लाज कापडात नसते बाबा, बसण्यात असते." बाजूच्या बायका टोपल्या सोडून बघायला आल्या. आमच्या घोवांना पण शिकव, एकीने म्हटलं. घरी तरी नीट बसतील.

वाऱ्याचा उपायही गोदूबाईचाच. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात, जाळं तळाला जावं म्हणून. तशाच कपड्याच्या काठात शिव, म्हणाली, मग वाऱ्याची काय बिशाद. कोळ्याच्या डोक्याला हे असं चटकन पटलं की कुणी दुसरा विचारही केला नाही. सदूने काठात सोळा गोळ्या शिवल्या. किल्ट खाली शांत राहिला. रतन खूश झाला.

फक्त चंदर खूश नव्हता. तो लांबून बघत होता आणि रतनने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, की शाफ्टला लुंगी आणि किल्ट यांतला फरक कळत नाही.

त्या दुपारी रतन मोरूजवळ जाऊन बसला. गेल्या अठरा वर्षांत जे कुणी विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं: त्या दिवशी नेमकं काय झालं? मोरूची सुई थांबली. मग ती पुन्हा चालू झाली आणि जाळ्याकडे बघतच तो बोलला.

"टोक धरलं तेव्हा मला कळलं होतं. येळ होता रे. कमरेची गाठ सोडायला गेलो. ओली गाठ, सुटते कशाला? दादा कापडाला घाबरतो. कापडाने न्हाय नेला माझा पाय. गाठीने नेला."

रतन तिथूनच उठून सदूकडे गेला. नाडी काढून टाकली, बक्कल नको म्हणाला. उजव्या कुशीला एकाखाली एक पाच टिच बटणं. खिशात पाना आणि पक्कड घालून चाललं तरी सुटणार नाहीत, पण बाहेरून हिसका बसला की टिच टिच करत सगळी उघडतील आणि कापड अंगाचं सुटून जाईल. घरी त्याने ऋतिकाला काठ धरून ओढायला लावलं. किल्ट तिच्या हातात आला आणि ती मागच्या मागे पिठाच्या डब्यावर बसली.

पुनवेला सहा दिवस उरले असताना बोट पाण्यात उतरली, जेट्टीला लागली, इंजिन चालवून बघायचा दिवस आला. रतन किल्ट घालून बोटीवर फळीशी उभा राहिला आणि चंदरला म्हणाला, विंच चालू करा. विंच म्हणजे जाळं ओढायचा रहाट, इंजिनावरच चालतो. त्याने दोरीचं एक टोक किल्टच्या काठाला बांधलं होतं.

"काय करतोस?" चंदर म्हणाला.

"शाफ्टला फरक कळत न्हाय म्हणालात ना, काका? मग त्यालाच विचारू."

चंदर विंचच्या ड्रमला दोरीचे वेढे देऊन दांड्यापाशी स्वतः जाऊन उभा राहिला. हे काम त्याने दुसऱ्या कुणाला दिलं नसतं. जेट्टीवर माणसं गोळा झाली, पोरांनी मोबाइल वर धरले. दोरी ताणली गेली आणि बटणं उघडली, एक, दोन, तीन, पाचही. पण कापड निघून गेलं नाही. ते रतनच्या पोटरीला गुंडाळलं गेलं, पाय अडकले, तोल गेला आणि तो फळ्यांवर दोन्ही गुडघ्यांवर पडून फूटभर फरफटला. चंदरने दांडा ओढून विंच थांबवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. जेट्टीवर मात्र हशा उसळला, कारण तिथून दिसत होतं ते एवढंच, की लुगड्याच्या कापडाच्या फुलाफुलांच्या चड्डीतला एक माणूस चार पायांवर आहे.

"झालं समाधान?" चंदर म्हणाला. "मी कुलदीपला फोन लावतो."

"पुनवेला सहा दिवस हायत, काका," रतन पायाचं कापड सोडवत म्हणाला. "तुम्ही शब्द दिलाय."

संध्याकाळी ऋतिका कॉलेजमधून आली ती चप्पल न काढता ओटीवरच बसली. व्हिडिओ तिच्या वर्गाच्या ग्रुपवर पोचला होता. कुणीतरी त्यावर बँडचं गाणं लावलं होतं. ती रडली नाही, पण बापाकडे बघतही नव्हती. विनिताने किल्ट हातात घेतला आणि सरळ विचारलं, की आता पुरे झालं का. बर्फाच्या शेडवर बसणारे उपाशी मरत नाहीत.

रतन म्हणाला, "ऋतिका, लाव तो व्हिडिओ."

"नको पप्पा."

"लाव. बँड बंद कर आणि लाव."

तिने लावला. त्याने एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, मग हळू चालव म्हणाला. लोक हसत होते, चड्डी दिसत होती, यातलं काही तो बघतच नव्हता. त्याचं बोट कापडाच्या काठावर होतं. पाचवं बटण उघडलं, कापड मोकळं झालं, आणि त्याच क्षणी काठ गर्रकन फिरून पायाला विळखा घालून बसला.

"थांब. मागे घे. बघ, बटणांनी काम केलंय." तो आता ताठ बसला होता. "हे शिसं. पागाचं जाळं फेकल्यावर काठ कसा गोल फिरून आवळतो? तसा आवळतोय. आम्ही कपडा न्हाय शिवला, जाळं शिवलं आणि मीच त्यात."

ऋतिकाने व्हिडिओ स्वतःहून पुन्हा मागे घेतला. तिसऱ्या वेळी ती बोट दाखवून म्हणाली, की आणखी एक आहे, डावा खिसाही दोरीत अडकतोय, त्याला वर झाकण हवं. विनिता कात्री घेऊन आली आणि काठ उसवायला बसली.

वाऱ्याचं मग काय? काही नाही. मागच्या चुण्या अर्ध्यापर्यंत शिवून घट्ट बसवल्या आणि उरलेलं वाऱ्यावर सोडलं. लाज राखण्यापुरती आत चड्डी आहेच, रतन म्हणाला. गोदूबाईला शिशाचं कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रतन पुन्हा फळीशी उभा. हातात तीच दोरी. बातमी आधीच पसरली होती आणि या वेळी थळचेच काय, शेजारच्या वाडीतले लोकही आले होते. मोबाइल वर झाले तेव्हा गोदूबाई टोपली खाली ठेवून पोरांच्या समोर जाऊन उभी राहिली. ती काय बोलली ते बोटीपर्यंत ऐकू आलं नाही, पण मोबाइल एकेक करून खिशात गेले.

चंदर दांड्याजवळ आला. "पडलास तर?"

"पडलो तर कुलदीपला मी स्वतः फोन करतो."

दोरी ताणली. पाच बटणं इंजिनाच्या आवाजातही ऐकू आली, आणि रतनने श्वास सोडायच्या आत कापड निघून ड्रमवर दोन वेढे फिरलंसुद्धा. रतन होता तिथेच उभा होता. पाऊल हललं नव्हतं. सकाळच्या उन्हात त्याच्या मांड्यांची नवी कातडी गुलाबी, सुरकुतलेली, चकाकणारी दिसत होती. गावाने ती पहिल्यांदाच नीट पाहिली. त्याने हात पुढे घेऊन झाकली नाही. जेट्टीवर कुणी हसलं नाही.

"परत," चंदर म्हणाला.

रतनने कापड सोडवलं, बटणं लावली, दोरी बांधली. परत तेच झालं. चंदरने इंजिनाचा वेग वाढवायला लावला, खिशात पाने भरायला लावले, रतनला वाकून उभं राहायला लावलं. तिसऱ्यांदा कापड गेलं, रतन उभाच. चंदर चौथ्यांदा काही सांगणार तेवढ्यात शेडमधून मोरू ओरडला.

"दादा, बस कर आता. त्याला उन्हात उभं राहायचं न्हाय, डॉक्टरने सांगितलंय."

चंदर थांबला. त्याने विंच बंद केला, ड्रमवरून कापड उलगडलं, त्याची पाची बटणं एकेक करून दाबून आणि उघडून पाहिली. मग ते रतनच्या हातात दिलं. तो फोन काढून जेट्टीच्या टोकाला गेला. वाऱ्यावर अर्धंच ऐकू आलं: यंदा न्हाय, कुलदीप. व्हय. हाय माणूस आमचा.

पुनवेला नारळ सोडून झाले, पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता बोट धंद्यावर निघाली. रतन खाकी किल्टमध्ये शिडी उतरला, पदर गुडघ्यांमधे दाबून इंजिनासमोर उकिडवा बसला. सुकाणूवर त्या वेळी चंदर नव्हता, ते त्याने खलाशाकडे दिलं होतं. चंदर स्वतः इंजिनखोलीच्या तोंडाशी मांडी घालून बसला होता आणि वरून त्या कपड्याच्या काठाकडे टक लावून बघत होता. रतनला ते माहीत होतं. त्याने वर पाहिलं नाही. शाफ्टजवळून गेला, मागे आला, तेल पाहिलं, पुन्हा गेला. खांदेरीचं बेट मागे पडलं, किनाऱ्यावरची झाडं एक रेघ झाली. मग केव्हातरी रतनच्या पाठीवर पडलेली सावली उठली आणि थोड्या वेळाने बोट जराशी वळली, तशी ती फक्त चंदरच्याच हातात वळते.